दोनशे बारा नंबरची धून

"पण जावई करतात तरी काय?" हा प्रश्न सासूबाई गेली सव्वीस वर्षं विचारत होत्या, आणि उत्तर ऐकून झालं की पुन्हा विचारत होत्या.

उत्तर तसं सोपं होतं. जावई संगीतकार होते आणि रेडिओ केंद्राच्या संग्रहासाठी तयार सुरावटी करत. हवामानाच्या आधी वीस सेकंद, बाजारभावामागे चाळीस, दोन कार्यक्रमांमध्ये फट पडली तर ती बुजवायला दीड मिनिट. सुरावट संग्रहात गेली की तिला नंबर मिळे, आणि मग कोणीही, कधीही, कशालाही ती वाजवी. करणाऱ्याचं नाव मात्र कोणी सांगत नसे.

"म्हणजे काम सगळ्यांना दिसायचं आणि कोणी केलं ते कळायचं नाही," सासूबाई म्हणत. "चोरांचंही असंच असतं."

त्यामुळे केंद्राने रविवारी सकाळी साडेदहाच्या थेट मुलाखतीचं आमंत्रण दिलं, तेव्हा संगीतकारांना आकाश ठेंगणं झालं. दहा मिनिटं! तीही नावासकट! बायकोने मुद्दाम आईला बोलावून घेतलं. आई येताना आपल्या धाकट्या बहिणीला, म्हणजे मावशींना, घेऊन आली, साक्षीदार म्हणून.

केंद्रावर शिरस्त्याप्रमाणे संगीतकारांचा मोबाइल बंद करून खणात ठेवण्यात आला. काचेपलीकडून तंत्रज्ञाने विचारलं, "ओळख झाली की कुठली वाजवू?"

"'प्रसन्न सकाळ'. बासरीवरची. माझी सगळ्यात लाडकी."

"नाव नको, नंबर सांगा. नावं कोणाच्या लक्षात राहतात?"

हे वाक्य संगीतकारांना जरा लागलं. पण त्यांनी आपली कळकट वही उघडली आणि सांगितलं, "दोनशे बारा."

सहा वर्षांपूर्वी हा सगळा संग्रह कॉम्प्युटरवर गेला होता आणि प्रत्येक सुरावटीला नवा नंबर मिळाला होता. नवी यादी केंद्राने सगळ्या संगीतकारांना घरपोच पाठवली होती. आपल्या संगीतकारांकडे ती चार घड्या घालून, पेटीसमोरच्या स्टुलाच्या आखूड पायाखाली होती. तेव्हापासून स्टूल अजिबात हललं नव्हतं.

लाल दिवा लागला. निवेदिका गहिवरून बोलू लागली, "तीस वर्षं ज्यांनी अबोलपणे आपली सेवा केली, ते ज्येष्ठ संगीतकार..." तिने संपूर्ण नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट. आणि दोनशे बारा नंबर सुरू झाला.

पहिल्याच स्वराला संगीतकारांच्या तोंडचं पाणी पळालं. ही त्यांचीच सुरावट होती, पण कोणी बडी व्यक्ती निवर्तली की वाजवायची. निवेदिकेची मान सवयीने खाली गेली.

"अहो, बंद करा!" संगीतकारांनी काचेवर थापा मारल्या.

"करता येत नाही," तंत्रज्ञही घामाघूम झाला होता. "ही लागली की पूर्ण वाजवायची, आणि पुढे तासभर गंभीर संगीतच. नियम आहे. मध्ये तोडायची तर साहेबांची परवानगी लागते."

"मग साहेबांना बोलवा!"

"ते निघालेत घरून. कोण गेलं ते विचारायला."

मुलाखत बारगळली. पुढचा तासभर लागणारं गंभीर संगीतही सगळं संगीतकारांचंच होतं. नेहमीप्रमाणे बिननावाचं.

इकडे घरी एवढंच ऐकू आलं होतं: सेवा केली, संपूर्ण नाव, आणि मग ती सुरावट. बायकोने नवऱ्याला फोन लावला, तो बंद. केंद्राला लावला, तो व्यग्र, कारण अख्खं शहर तिथेच फोन करून कोण गेलं ते विचारत होतं. "बोलता बोलताच गेले गं!" म्हणून मावशींनी गळा काढला. पाचच मिनिटांत शेजारी आपापल्या खुर्च्या घेऊन हजर झाले.

एकुलती एक संधी हातची गेली म्हणून संगीतकार पाय ओढत घरी आले, तर दार सताड उघडं आणि आत माणसंच माणसं. पाठमोऱ्या बसलेल्या सासूबाई डोळे पुसत शेजारणीला सांगत होत्या, "माणूस वाईट नव्हता हो. नक्की काय करायचा, तेवढं शेवटपर्यंत कळलं नाही."

एवढ्यात मावशींची नजर दाराकडे गेली आणि त्या किंचाळून खुर्चीसकट आडव्या झाल्या. बायको धावत आली, नवऱ्याला घट्ट धरून रडली आणि मग तिने फोन बंद ठेवल्याबद्दल त्याला फैलावर घेतलं. संगीतकारांनी वही, नंबर, स्टूल, सगळं कबूल केलं. शेजारी काहीसे हिरमुसून खुर्च्या परत घेऊन गेले.

सासूबाई कान देऊन ऐकत होत्या. रेडिओ अजून चालूच होता.

"हेही तुमचंच?"

"हो."

"आणि मघाचं? पहिलं?"

"तेही."

"ते ऐकून मला रडू फुटलं," सासूबाई सावकाश म्हणाल्या. "तुमच्यासाठी नव्हे. तुमचं काही मनात यायच्या आधीच. नुसतं ऐकून."

सव्वीस वर्षांत या घरात त्यांचं असं कौतुक झालं नव्हतं.

"माझ्या वेळी तेच लावा," सासूबाई म्हणाल्या. "घाई नाहीये. पण लिहून ठेवा."

संगीतकारांनी भरल्या डोळ्यांनी वही उघडली आणि ते त्या सुरावटीचा नंबर शोधू लागले.

"वही मिटा आधी!" सासूबाई कडाडल्या. "ते स्टूल उचला आणि यादी काढा. नाहीतर मी जायची, आणि तुम्ही 'प्रसन्न सकाळ' लावायचे."