पाथरवाडीच्या खाणीवरील स्वारी आणि साडूच्या मुखातून एक शब्द काढिल्याची हकीकत

वाचणार धन्यांचे चरणी लेखणीचा दंडवत. पृथ्वीवर लढाया बहुत जाहल्या. कोणी मुलखासाठी लढले, कोणी खजिन्यासाठी लढले, कोणी निव्वळ सवय म्हणोन लढले. परंतु साडूच्या मुखातून 'छान' हा एक शब्द काढावा, एवढ्याकरिता जे समर प्रांत महाड व पोलादपूर येथे जाहले, त्याची हकीकत कोणी लिहोन ठेविली नाही. ती आम्ही लिहितो. यात पदरचे काही घातले नाही. घालण्याची गरजच पडली नाही, इतकी मूर्खपणाची रसद दोहों पक्षी मुबलक होती.

महाड शहरी राजश्री सुहासराव हे इतिहासाचे मास्तर. शाळेत इतिहास शिकवीत असल्याकारणे तो प्रत्यक्ष पाहण्याची तसदी त्यांनी घेतली नाही. जन्म महाडात, लग्न महाडात, आणि रायगडी जाणे एकदाच जाहले, तेही सहलीत पायरीवर चप्पल तुटली म्हणोन खालीच कलिंगड खात बसले. त्यांचे कुटुंब उज्वलाबाई. उज्वलाबाईंच्या थोरल्या भगिनी अनुपमाबाई ठाण्यास दिल्या, आणि त्यांचे यजमान गंगाधरराव, म्हणजे सुहासरावांचे थोरले साडू. गंगाधररावांचे ब्रीद ऐसे की वर्षाकाठी महाडास यावे, पाहुणचार यथास्थित झोडावा, आणि निघते समयी दारात उभे राहोन म्हणावे, "बाकी तुमच्या महाडात बघण्यासारखं काही नाही." हा बोल उज्वलाबाईंचे काळजात रुतोन बसला होता. एका आईच्या दोघी लेकी, एकीस ठाणे आणि एकीस महाड, ही वाटणी जाहली तेव्हा त्यांस कोणी पुसले नव्हते. आता आपणांस मिळालेला गाव बरा आहे, एवढे तरी थोरल्या घरच्या तोंडून एकवार निघावे, ही त्यांची आस होती. आस काही फार मोठी नव्हे, परंतु साडूची जीभ मोठी चिवट.

मग गतसाली गंगाधरराव परमुलखी एका ऐतिहासिक खाणनगरीस जाऊन आले. तेथे डोईस पिवळे टोप घालोन, लोखंडी पाळण्यात बसोन जमिनीचे पोटात उतरले, आणि त्या प्रसंगाच्या तसबिरी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ऐशा डागिल्या की तमाम नातलगांचे मोबाईल गच्च भरोन बंद पडावयास आले. खाणीत दिवा लागला, फोटो. गंगाधरराव दिव्याखाली उभे, फोटो. दिवा विझला, त्याचाही फोटो, त्यात काळोखाखेरीज काही नाही. तळटीप ऐसी की, आपल्याकडे असं काही जपतच नाहीत. हे वाचोन सुहासरावांस क्रोध आला. त्यांनी स्वयंपाकघरात खलबत भरविले, उज्वलाबाईंस बोलाविले, मोबाईलवर हेर सोडिले, आणि पोलादपुरावर डोंगरात पाथरवाडी म्हणोन गाव आहे, तेथे काळ्या दगडाची जुनी खाण आहे, पूर्वी तेथोन जाती, पाटे आणि उंबरे मुलखोमुलखी जात, अशी बातमी काढिली. खाण बंद पडोन पिढी लोटली. परंतु कोणी उत्साही पुरुषाने गावाचे तोंडाशी फलक ठोकिला होता की, ऐतिहासिक खाणनगरीत आपले स्वागत आहे. वस्ती मोजकी घरे, एक गिरणी आणि एक बंद टपरी. एवढ्यास नगरी म्हणावयास छाती लागते, ती फलक लिहिणाराचे ठायी होती.

दिवाळीचे सुटीत गंगाधरराव सहकुटुंब दाखल होताच सुहासरावांचा हुकूम सादर जाहला की, उदईक सकाळी स्थलदर्शनाचे स्वारीस सिद्ध असावे. मग भाड्याची गाडी आली, पाण्याच्या बाटल्या, चिवड्याचे डबे, चकल्या, उलटीवरील गोळ्या ऐसा सारा दारूगोळा भरिला, आणि फौज प्रथम रायगडाचे पायथ्याशी हिरकणीवाडीस गेली. मनसुबा ऐसा की रोपवेने गडावर जावे, गड दाखवून शत्रू अर्धा नरम करावा, आणि मग खाणीचा घाव घालावा. परंतु मनसुबा करणाराने सुटीच्या दिवशी पाळण्यापुढे किती रांग असते हे पुसले नव्हते. टोकन मिळाले ते सायंकाळचे. साक्षात इतिहासाचे मास्तर, गडाचे पायथ्याशी उभे राहोन, "खालूनच व्ह्यू चांगला येतो," ऐसे बोलिले. गड वरून हे ऐकत होता. त्यास बोलता येत नाही, ही मास्तरांची पुण्याई.

तोवर गंगाधररावांनी खाली निराळेच युद्ध आरंभिले. झोपडीवजा हॉटेलात बैसोन त्यांनी पिठले आणि भाकरी मागविली, मग ठेचा मागविला, मग ताक मागविले, मग भजी, मग काकडी, मग कोकम सरबत, मग ताक गोड लागले म्हणोन पुनश्च ताक. प्रत्येक घासास म्हणत, "ठाण्याला याच्यापेक्षा बरं मिळतं," आणि पुढील घास घेत. निंदा आणि भक्षण एकाच मुखाने ऐसे अखंड चाललेले आम्ही अन्यत्र पाहिले नाही. अनुपमाबाईंनी बेताने घ्यावे म्हणोन डोळ्यांनी इशारत केली, ती व्यर्थ गेली.

मग फौज माघारी फिरली, महामार्गाने पोलादपूर गाठिले, आणि तेथोन कच्च्या वाटेने डोंगर चढो लागली. वाट ऐसी की ती करणाराने तिजवरून कधी प्रवास करावयाचा नाही ऐशी शपथ घेतली असावी. गाडी आपटे, तिजसवे ठेचा आपटे, आणि ताक हेलकावे घेई. गंगाधरराव बोलत होते ते हळूहळू कमी बोलो लागले. सुहासरावांस वाटले, शत्रूवर आपला दरारा बैसला.

पाथरवाडीचे वेशीवर प्रयागबाई म्हणोन म्हातारी गवताचा भारा उतरीत होती. तीस सुहासरावांनी अदबीने पुसले की, ऐतिहासिक खाणनगरीतील प्रेक्षणीय स्थळे कोणत्या बाजूस आहेत. ती म्हणाली, "खड्डा बगाया आलाव? त्यो काय म्होरं. पानी भरलंय, कडंला जावू नका." येणेप्रमाणे नगरीचे वर्णन एका वाक्यात आटोपले. तरी सुहासराव हटले नाहीत. त्यांनी खाण पॉइंट दाखविला, तो खड्डा होता. संग्रहालय दाखविले, त्यास कुलूप, आणि किल्ली ज्या चांगूपाशी तो खेडास लग्नाला गेलेला. मग चौघांनी खिडकीस नाके लावोन आत पाहिले, तो एक गंजकी पहार, फुटके जाते आणि युरियाची पोती. "पोतीसुद्धा ऐतिहासिक का?" ऐसे गंगाधरराव क्षीण स्वरात बोलिले, आणि उज्वलाबाईंचा चेहरा उतरला. आपण बाराही महिने ज्या मुलखात नांदतो त्याची ही शोभा पाहोन त्यांस रडू कोसळणार होते, ते त्यांनी पदराने घाम पुसण्याच्या मिषाने आवरिले.

शेवटले स्थळ पडसाद पॉइंट. कड्यावर उभे राहोन हाक द्यावी आणि ती तीनदा परत यावी, ऐशी फलकाची ग्वाही. सुहासरावांनी छाती फुगवोन 'महाड' ऐसी गर्जना केली. पडसाद आला नाही. दुसरी केली. तेव्हा खालोन प्रयागबाई ओरडली, "कोन वरडतंय रे? कोन पडला काय?" अनुपमाबाईंस हसू लोटले. परंतु गंगाधरराव हसले नाहीत. त्यांचे मुख भस्मासारखे पांढरे जाहले होते, कपाळी घर्मबिंदू, आणि एक हात पोटावर. हिरकणीवाडीची सारी फौज, पिठल्यापासोन ताकापर्यंत, एकवटोन आतोन बंड करोन उठली होती.

मग जो पुरुष परमुलखी जमिनीचे पोटात हासत उतरला, तो आपल्या पोटापुढे हतबल जाहला. त्याने साडूचा हात धरिला. साडूपणाच्या बारा वर्षांत प्रथमच धरिला. कानाशी लागोन पुसले की, सोय कोठे आहे. फलकावर पॉइंट सर्व होते, सोय मात्र लिहिली नव्हती. ऐतिहासिक स्थळी येणाऱ्या मनुष्यास देह असतो, हे फलकवाल्यांस आजवर कोणी कळविले नाही. सुहासराव इतिहास सांगो लागले. तेव्हा उज्वलाबाई पुढे जाहल्या आणि धावत उतार उतरोन प्रयागबाईचे अंगणी गेल्या, मागोमाग बाकीचेही.

"आजी, पाहुण्यांना जरा..."

"हाय ना, मागल्या अंगाला," प्रयागबाई म्हणाली. "टाकीत पानी हाय. जा रे बाबा, लाजू नको. मानूसच हाईस."

गंगाधरराव गेले. धावले म्हणावे तर पाय जुळवोन धावले. चौघांचे जागी तिघे अंगणात उभे राहिले. प्रयागबाईने घोंगडी अंथरिली आणि गूळपाणी दिले. बहुत काळ लोटला. मग दार उघडले आणि गंगाधरराव बाहेर आले, मुखावर नवे तेज, आणि अंगणाचे मध्यभागी उभे राहोन, दीर्घ श्वास घेवोन, भारावोन बोलिले, "छान!"

सुहासराव इतका शिकलेला मनुष्य, परंतु हाती आलेला किल्ला ओळखता येईना. ओळखिला तो उज्वलाबाईंनी. त्यांनी तात्काळ मोबाईल काढिला, खेडास माहेरी मातोश्री जानकीबाई यांस लाविला, आणि आवाज सर्वांस ऐकू जाईल ऐसा मोठा केला.

"आई, भावोजींना आमच्याकडचं आवडलं बरं का! आत्ता स्वतः म्हणाले, छान!"

"अगंबाई!" पलीकडोन जानकीबाई. "गंगाधरराव म्हणाले? कधी नव्हे ते! काय एवढं आवडलं?"

"तूच विचार," ऐसे म्हणोन उज्वलाबाईंनी मोबाईल साडूमहाराजांचे मुखापुढे धरिला.

गंगाधररावांनी मोबाईलकडे पाहिले, घराचे मागल्या अंगाकडे पाहिले, अनुपमाबाईंकडे पाहिले, त्या पदर तोंडात कोंबोन दुसरीकडे बघत होत्या. खरे सांगावे तर सासूबाईंस काय काय सांगावे लागे. नाकारावे तर का वाखाणिले हे पुसले जाई. शत्रू चहूंकडोन कोंडिला गेला.

"सगळंच छान आहे हो, आई," ते बोलिले. "महाड, पोलादपूर... सगळंच."

उज्वलाबाईंनी मोबाईल बंद केला. डोळ्यांस पाणी आले ते त्यांनी या खेपेस पुसले नाही. हा जय कोठोन आला हे त्या पुरते जाणत होत्या, आणि तरी तो त्यांस गोड लागला. सुहासरावांनी या फत्तेचे सारे श्रेय आपल्या व्यूहरचनेस दिले, आणि परतीचे वाटेवर गाडी आपटत असता कशेडी घाटाचा इतिहास सांगो लागले, जो कोणी ऐकिला नाही.

सबब येणेप्रमाणे नोंद करण्यात येते की, पाथरवाडीची स्वारी फत्ते जाहली, साडू सर जाहला, आणि मातोश्री जानकीबाई यांस साक्षी ठेवोन शब्द कायम जाहला. तो मागे घेणे गंगाधररावांचे हाती राहिले नाही. कारण आता कोण्या नातलगाने पुसले की महाडास तुम्हांस नेमके काय आवडले, तर त्यांस एकच उत्तर ठाऊक आहे, आणि ते त्यांच्याने सांगवत नाही.