गिअरबॉक्सची आवक-जावक

सासरेबुवांची जुनी विलायती टू-सीटर आपण स्वतः दुरुस्त करायची, असं जावईबापूंनी ठरवलं तेव्हा समोर साडूभाऊ बसले होते. एवढं सांगितलं की ते का ठरवलं हे वेगळं सांगायला नको. गाडीचा गिअरबॉक्स कामातून गेला होता आणि ती दोन वर्षं जावईबापूंच्या गॅरेजमध्ये धूळ खात पडली होती. सासरेबुवांनी जाहीर केलं होतं, "एकतीस तारखेला येतो. जो ती चालती करेल, गाडी त्याची." साडूभाऊंनी लगेच ओळखीच्या मेकॅनिकचं नाव काढलं.

"मेकॅनिक कशाला? घरीच करतो," जावईबापू बोलून गेले. (ते विमा कचेरीत हेडक्लार्क होते. आजवर त्यांनी उघडलेली सर्वांत अवघड वस्तू म्हणजे अडकलेला ड्रॉवर.)

पण कामाची पद्धत म्हणून काही असते. आधी गिअरबॉक्स ओळखायचा. या गाडीला दोन जातींचे गिअरबॉक्स येत. नव्या जातीत चारही गिअर अलगद पडतात; जुन्यात पहिला मात्र गाडी पुरती थांबल्याशिवाय पडायला तयार नसतो. जावईबापू गॅरेजमध्ये न जाता थेट कपाटाकडे गेले. गाडीची कागदपत्रं काढली, वर्ष पाहिलं आणि निकाल दिला, "नवा." कागदावरची गोष्ट चूक असू शकते, हे त्यांच्या नोकरीत बसत नव्हतं. नव्या जातीचे सुटे भाग त्याच दिवशी मागवले गेले.

मग दोन हमालांच्या खांद्यावरून गिअरबॉक्स जेवणाच्या टेबलावर आला. एकेक भाग सुटला की त्याला आवक क्रमांक, वर डिंकाने चिकटवलेली चिठ्ठी आणि रजिस्टरमध्ये नोंद. असे एकशे सात भाग झाले. बायको आठ दिवस ताट मांडीवर घेऊन जेवली आणि एका शब्दाने बोलली नाही. (वीस वर्षं संसार केलेल्या माणसाला यातच धोका दिसायला हवा होता.)

नोंदी पुऱ्या झाल्यावर त्यांनी सगळे भाग साबणाच्या गरम पाण्यात एकदमच धुवायला टाकले. दहा मिनिटांनी बायको आत डोकावली.

"अहो, हे काय तरंगतंय?"

"आवक क्रमांक."

"आणि भाग?"

"खाली आहेत. सगळेच्या सगळे आहेत."

त्या दिवशी अठ्ठावीस तारीख होती. जावईबापू टबाशेजारी मटकन बसले. गाडी गेली तर गेली, पण आता जन्मभर प्रत्येक कार्याला साडूभाऊ त्याच गाडीतून येऊन हॉर्न वाजवणार, या विचाराने त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. बायकोने ते पाहिलं. तिने बाह्या सरसावल्या, नव्या भागांतली एक पितळी कडी उचलून गिअरवर बसवून बघितली आणि परत खोक्यात टाकली.

"ही याची नाहीच. हा जुना गिअरबॉक्स आहे. बाबांनी दुसऱ्या गाडीचा काढून बसवलाय. मी आठवीत होते, टॉर्च धरून उभी होते."

"पण कागदावर तर..."

"कागदाला कोण सांगायला गेलं होतं?"

"मग तू आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही कपाटाला विचारलंत. मला कुठे विचारलंत?"

तिने वडिलांच्या ओळखीच्या दुकानदाराला फोन केला. दुसऱ्या दिवशी बरोबर मापाच्या कड्या आल्या आणि काम सुरू झालं. ती बसवणार, जावईबापू हातात देणार. "हा नाही, शेजारचा. तोही नाही, त्याच्या शेजारचा." वीस वर्षांत त्यांनी बायकोला शीळ घालताना ऐकलं नव्हतं. ती फार सुरेख शीळ घालत होती. जावईबापूंना एकाएकी इतकं छान वाटू लागलं की साडूभाऊंची आठवण त्यांना दुपारपर्यंत झाली नाही. तीस तारखेला हमाल पुन्हा आले आणि गिअरबॉक्स गाडीत गेला.

एकतीस तारखेला सासरेबुवांनी गल्लीला दोन फेऱ्या मारल्या. गाडी मऊ घुरघुरत परत आली, तसा साडूभाऊंचा चेहरा उतरला.

"जावईबापू, हिला हात कोणाचा लागलाय?"

"तसा थोडाफार माझाच," जावईबापू लाजून म्हणाले.

"तो दारावर दिसतोय, चांगला वीतभर ओरखडा आहे. गिअरबॉक्सला कोणाचा लागलाय?"

जावईबापूंनी निमूटपणे बायकोकडे बोट दाखवलं. सासरेबुवांनी किल्ली लेकीच्या हातावर ठेवली आणि सरकून शेजारच्या सीटवर बसले. दोनच सीट, दोन्ही भरल्या.

"काही म्हणा, गाडी घरातच राहिली," जावईबापू छाती काढून साडूभाऊंना म्हणाले.

एवढ्यात गाडी फाटकाबाहेर जाऊन थांबली. बायकोने मान मागे वळवून हाक मारली, "अहो!" जावईबापू साडूभाऊंकडे एक विजयी नजर टाकून पळतच गेले.

"आम्हाला उशीर होईल," ती म्हणाली. "फाटक लावून घ्या."