कैलासवासी जोगळेकरांचा बाक

जोगळेकरकाका स्वतःच्या हाताने कैलासवासी झाले. ऑइलपेंटने, तीन नंबरच्या ब्रशने.

डीमन या डच गावातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये ते वरच्या मजल्यावर लेकाकडे राहतात. उभी हयात पुण्यात उद्यान खात्यात गेली. निवृत्ती घेतली ती फक्त कागदावर. इथल्या पार्कात ते रोज झोपाळ्याच्या साखळ्या ओढून पाहतात, घसरगुंडीवर टिचकी मारतात आणि शेरा देतात, "काम बरंय. पण माळी कुठाय?" गवत कापायच्या यंत्रावर बसलेल्या बाईंना त्यांनी सहा महिने मोठ्या साहेब समजून नमस्कार केला. बाईही हात हलवायच्या.

मग नगरपालिकेचं पत्र आलं. देखभालीला निधी कमी, म्हणून पार्कातला कालव्याकाठचा बाक काढणार. काकांची तीन दिवस पाहणी बंद! चौथ्या दिवशी ते पाटी घेऊन माझ्या दारात उभे. वर मराठी, खाली मोबाइलने करून दिलेलं डच : 'कै. वसंत जोगळेकर यांच्या स्मरणार्थ'.

"काका, हे काय?"

"अरे, बाकावर कैलासवासी असला की त्याला हात लावायची कुणाची छाती होत नाही. आयुष्यभराचा अनुभव आहे."

"पण तुम्ही जिवंत आहात!"

"मग दुसऱ्या कुणाला मारू?"

पाटी बाकावर लागली आणि आठवड्याने पालिकेची एक तरुण बाई तिथे चौकशीला आली. दुभाष्या अर्थातच मी. तिने विचारलं, "हे गृहस्थ कोण होते?" मी बोट दाखवलं. काकांनी बसल्या जागेवरून नमस्कार केला. ती खो खो हसली. मग म्हणाली, "पार्कात इतके बाक आहेत. हाच कशाला हवा?"

काका उठून जरा बाजूला गेले. चष्मा पुसत राहिले.

"तिला सांग, चार वाजता इथे एक आजोबा येतात. त्यांची भाषा मला येत नाही, माझी त्यांना. पण मला बघितलं की सरकून जागा देतात. घरी सगळे कामात असतात रे. दिवसभरात माझी वाट बघणारं दुसरं कुणी नाही."

मी भाषांतर केलं. मला स्वतःची लाज वाटली. मी रोज त्यांच्या खालीच तर राहतो.

चार वाजले. आजोबा काठी टेकत आले, बाकाच्या टोकाला बसले आणि शेजारची जागा रुमालाने पुसून ठेवली. काका लगबगीने गेले.

बाईने पाटी काढून माझ्या हातात दिली. "पाटी चालणार नाही. बाक राहील. काढायच्या बाकांची यादी मीच करते."

काकांना हे सांगायला मी वळलो. दोघे कालव्याकडे बघत गप्प बसले होते. मग मीही थांबलो.