नळाला बांधलेला जावई

"मेकॅनिक? आई, घरात मी असताना मेकॅनिक?"

जावयाने हे अशा काही थाटात विचारलं, की सासूबाईंनी हातातला फोन निमूटपणे खाली ठेवला.

सासूबाईंना बुद्धिबळाचं वेड. रोज परदेशातल्या कुणाकुणाशी कॉम्प्युटरवर खेळायच्या आणि बहुतेकांना पाणी पाजायच्या. पण मागच्या डावात ऐन मोक्याच्या क्षणी कॉम्प्युटर जो गोठला, तो घड्याळातली वेळ संपली तरी हलेना! जिंकलेला डाव हातचा गेला. आता संध्याकाळी स्पर्धेची उपांत्य फेरी होती, आणि जावई रॅमची, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेमरीची, नवी पट्टी घेऊन हजर झाला होता.

"बसवायला वेळ लागत नाही," तो म्हणाला. "शत्रू वेगळाच आहे. स्टॅटिक!"

"म्हणजे?" सासऱ्यांनी विचारलं.

"बाबा, स्वेटर काढताना चटचट आवाज येतो ना? तीच वीज. आपल्या अंगावर साठते आणि बोट लागलं की चिपमध्ये उतरते. आपल्याला कळतसुद्धा नाही, आणि चिप जागच्या जागी खलास!"

सासऱ्यांनी आपल्या बोटांकडे संशयाने पाहिलं.

मग घरात जी धावपळ उडाली, ती लग्नघरात शोभली असती. हॉलमध्ये गालिचा, म्हणून कॉम्प्युटर स्वयंपाकघरात हलला. हवा कोरडी, म्हणून फरशी ओल्या फडक्याने पुसली गेली. मांजराला बाथरूममध्ये कोंडलं. जावयाच्या अंगावरचे कपडे सगळे नायलॉनचे निघाले, तेव्हा त्याने कडाक्याच्या थंडीत सासऱ्यांचा सुती पायजमा आणि बनियन चढवलं. सासरे ठेंगणे. पायजमा जावयाच्या पोटरीवरच दमून थांबला.

शेवटी त्याने आपल्या पिशवीतून एक पट्टा काढून मनगटाला घट्ट आवळला. पट्ट्याला लांब वायर, वायरीच्या टोकाला चिमटा.

"हा चिमटा नळाच्या लोखंडी पाइपला लावायचा. अंगातली सगळी वीज जमिनीत!"

पाइपाला रंग होता. जावयाने तो सुरीने खरवडला.

"अहो, तो रंग परवाच दिलाय मी!" सासरे कळवळले.

"बाबा, रंग महत्त्वाचा की चिप?"

सासऱ्यांना रंग महत्त्वाचा वाटत होता, पण जावयासमोर बोलायची सोय नव्हती.

नेमक्या त्याच वेळी शेजारच्या काकू रिकामा डबा परत करायला मागच्या दाराने आल्या. त्यांना काय दिसलं? घरचा जावई अनवाणी, बनियनवर, थंडीने कुडकुडतोय, हाताला पट्टा आणि पट्टा नळाला बांधलेला. शेजारी कमरेवर हात ठेवून सासूबाई उभ्या. बाथरूममधून कुणाच्या तरी रडण्याचा आवाज!

"अगं बाई! हे काय चालवलंय?"

"हात लावू नका त्याला!" सासूबाई ओरडल्या. "त्याच्या अंगातली वीज काढतोय आम्ही!"

काकूंच्या हातातला डबा खणकन पडला आणि काकू आल्या पावली पळाल्या.

परतल्या त्या काकांना घेऊन. काका पोलिसातून निवृत्त झाले होते, पण आवाज अजून नोकरीत होता.

"सगळ्यांनी बाजूला व्हा!" ते जावयासमोर उकिडवे बसले. "घाबरू नकोस. कोणी बांधलं तुला?"

"काका, मीच बांधून घेतलंय."

"सगळे असंच म्हणतात," काका हळूच म्हणाले. "काही मागणी आहे का यांची?"

"मागणी कसली! रॅम बसवतोय मी!"

"आणि आत कोण रडतंय?"

"मांजर आहे हो ते!" सासूबाईंचा संयम संपला. "कोंडून ठेवलंय त्याला. त्याच्या अंगात पण वीज आहे!"

काकांनी काकूंकडे पाहिलं. एकट्या जावयापुरतं प्रकरण नव्हतं तर!

"थांबा!" जावई म्हणाला. "दाखवतोच तुम्हाला. कुणी जवळ येऊ नका. काका, तुम्ही तर नकोच, तुमचं जाकीट लोकरीचं आहे!"

त्याने चंदेरी पाकीट उघडलं. दोन बोटांच्या चिमटीत, कडेला धरून, तान्ह्या बाळाला उचलावं तशी पट्टी बाहेर काढली. सगळ्यांनी श्वास रोखला. पट्टी कॉम्प्युटरमधल्या खाचेपाशी गेली. मग पुन्हा वर आली. उलटी होऊन पुन्हा खाली गेली.

"बसत नाहीये का?" सासऱ्यांनी विचारलं.

खाच लांबलचक होती. पट्टी तिच्या निम्मी.

"ही... लॅपटॉपची दिसतेय," जावई पुटपुटला.

सासूबाईंनी आधी घड्याळाकडे पाहिलं, मग उघड्यावाघड्या कॉम्प्युटरकडे, आणि शेवटी काकूंकडे.

"तुमच्याकडे कॉम्प्युटर आहे ना हो?"

"आहे की! चला!"

सगळी वरात शेजारी गेली. जावईही तडक मागे निघाला, तेव्हा मनगटाला असा हिसका बसला की तो ओल्या फरशीवर सपशेल आपटला आणि कंबर धरून तिथेच राहिला. त्यामुळे सासूबाईंनी उपांत्य फेरी कशी जिंकली, हे त्याला भिंतीपलीकडच्या टाळ्यांवरूनच कळलं.

दुसऱ्या दिवशी तो पट्टी बदलायला दुकानात गेला. पाकीट त्याने दोन्ही हातांनी, अलगद पुढे केलं. दुकानदाराने ते टर्रकन फाडलं, पट्टी उघड्या हाताने घेतली आणि ड्रॉवरमध्ये भिरकावली. त्याच ड्रॉवरमध्ये हात घालून, खुळखुळ करत, त्याने दुसरी लांब पट्टी शोधली. तिच्यावर धूळ होती. ती त्याने स्वतःच्या स्वेटरवर खसाखसा पुसली.

"अहो, स्टॅटिक!" जावई किंचाळला.

"ते कुठलं मॉडेल?" दुकानदार म्हणाला. "आपल्याकडे नाही."

जावयाने घरी येऊन पट्टा बांधला, चिमटा लावला आणि पट्टी बसवली. कॉम्प्युटर असा सुरू झाला, जणू कालच कारखान्यातून आलाय.

"पाहिलंत?" सासूबाई कुंपणाच्या भिंतीवरून काकूंना कौतुकाने सांगत होत्या. "एवढी काळजी घेतली त्याने, म्हणून टिकली ती चिप!"

जावयाने नम्रपणे मान खाली घातली. त्या स्वेटरचा विषय त्याने सासरी आजतागायत काढलेला नाही.