अँबेसेडरवरचा कूलर

आधीच सांगून ठेवतो. नागपुरात कूलर बनवणारे गल्लोगल्ली सापडतील, पण कूलर चालवत नेणारा माणूस एकच, तो म्हणजे मी! चालवत म्हणजे बटण दाबून नाही हो. स्टीअरिंग धरून, गिअर टाकून, हॉर्न वाजवत!

मी अंकुश. प्रताप नगरात माझा कूलरचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे टिनाचं शेड, एक वेल्डिंग मशीन अन् रोशन. रोशन माझा शाळेपासूनचा दोस्त. वेल्डिंग तो करते, चुका मी काढतो. पण दोन उन्हाळ्यांपासून धंदा पार बसला. ज्याले पहा तो एसी लावून राहिला! शेवटी आमच्या दामिनीनं फर्मान काढलं.

"हे पहा, हा सीझन शेवटचा. नाही चाललं, तर गुपचूप माझ्या भावाच्या दुकानात बसायचं."

तिच्या भावाचं दुकान कायचं आहे? एसीचं! म्हणजे मी, अंकुश कूलरवाला, गळ्यात टाय बांधून गिऱ्हाइकाले एसीचे गुण सांगू? त्यापेक्षा संन्यास बरा!

अन् त्याच आठवड्यात इंदुताईंचा फोन आला. रामदासपेठेत त्यांचं मंगल कार्यालय आहे. सगळ्या हॉलचे कूलर बदलायचे होते.

"अंकुशभाऊ, शनिवारी लगन आहे माझ्याकडे. एक सँपल आणा, भर गर्दीत चालवून दाखवा. पटलं तर सगळे तुमच्याकडूनच घेते."

मी ठरवलं, ही ऑर्डर आपलीच! पण सँपल कसं न्यायचं? आदल्या रात्रीच मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला होता. जुन्या जमान्यातल्या चक्रम मोटारी! जाहिरातीसाठी म्हणे कंपन्या असल्या गाड्या रस्त्यावर फिरवायच्या. एक बाटलीसारखी, एक बुटासारखी, एक तर चक्क संत्र्यासारखी. आता मले सांगा, संत्र्याची मोटार परदेशात फिरते अन् नागपूरकर गप्प बसते?

"रोशन, आपण कूलरची मोटार बनवायची!"

"सँपल टेम्पोत टाकून नेतात बे."

"टेम्पोत सगळेच नेतात. आपला कूलर स्वतःच्या पायानं जाईन!"

भंगारवाल्याकडे एक म्हातारी अँबेसेडर मिळाली. तिचं छत कापलं, मागच्या सीटच्या जागी पाण्याची टाकी बसवली, डिक्कीत जनरेटर घातला. त्यावर दुमजली कूलर. तीन बाजूंनी वाळ्याच्या ताट्या अन् मागच्या बाजूले बंद पडलेल्या टॉकीजचा एक्झॉस्ट पंखा, विहिरीच्या तोंडाएवढा! पंखा मागंच काहून? तर समोर लावला असता तर गाडी उलटी गेली असती, असं रोशनचं म्हणणं पडलं. मले रस्ता दिसावा म्हणून समोर पोस्टकार्डाएवढी खिडकी ठेवली.

दामिनी बाहेर येऊन पाहतच राहिली.

"हे काय आहे?"

"जाहिरात!"

"कपाटाची मयत निघाल्यासारखी दिसून राहिली जाहिरात."

बायकांना कलेतलं काय समजते, असं मी मनातल्या मनात बोललो. मोठ्यानं बोलायची माझी हिंमत नाही.

शनिवारी भर दुपारी निघालो. ऊन असं की डांबर चपलेले चिकटून राहिलं होतं. मी स्टीअरिंगवर, रोशन मागं जनरेटर सांभाळत. पंखा सुरू झाला अन् काय सांगू! रस्त्यावरचे सगळे स्कूटरवाले आमच्या मागं लागले. ओव्हरटेक म्हणून कोणीच करून नाही राहिलं! सिग्नल हिरवा झाला तरी मागून एक हॉर्न नाही. नागपुरात असं कधी झालं होतं का?

रामदासपेठेत शिरलो तर समोर वरात. त्याच लगनाची! बँडवाले घामानं निथळून राहिलेले, नाचणारं कोणी नाही, अन् घोडीवरचा नवरदेव शेरवानीत पार उकडून निघालेला. मी विचार केला, यांच्या आधी पोहोचलं पाहिजे. दाबली गाडी अन् घेतली वरातीच्या पुढं.

तिथंच घोटाळा झाला. पंख्याची हवा सरळ घोडीच्या तोंडावर!

घोडी थबकली. कान टवकारले. अन् नवरदेवाले घेऊन थेट आमच्या मागं निघाली!

"अंकुश, पळव! घोडी येऊन राहिली!" रोशन ओरडला.

मी गाडी पळवली तर घोडीही पळाली. नवरदेव तिच्या मानेले मिठी मारून "मामा! मामा!" करून राहिला. त्याचा मामा ताराचंद फेटा सांभाळत बाजूनं धावत आला.

"थांबवा गा गाडी! पोराले पाडता का?"

मी थांबवली. घोडीनं येऊन पंख्यापुढं तोंड धरलं अन् डोळे मिटले. घोडीवाल्यानं लगाम ओढला, चणे दाखवले, पाया पडला. ती हलायले तयार नाही! शेवटी तोड एकच निघाली. मी पुढं हळूहळू गाडी चालवायची, मागं घोडी, अन् घोडीमागं वरात.

मग काय! गार हवा लागल्याबरोबर वरातीत जीव आला. मावश्या नाचल्या, आत्या नाचल्या, गुडघे धरून बसलेले आजोबाही नाचले. मी म्हटलं, वा रे पठ्ठ्या अंकुश! इंदुताईंच्या दारात याहून भारी एंट्री कोणती?

दारात नवरीचे वडील मधुसूदनराव हार घेऊन उभे होते. त्यांनी कूलर पाहिला अन् त्यांचा चेहराच पडला.

"म्हणजे आमच्या व्यवस्थेवर भरोसा नव्हता तुमचा? स्वतःचा कूलर घेऊन आले?"

"आमचा?" ताराचंदमामा चमकले. "आम्हाले वाटलं तुम्हीच पाठवला स्वागताले!"

"आम्ही काहून पाठवू?"

"मंग आम्ही काहून आणू?"

दोघांचा आवाज चढत गेला. मानपानाचा प्रश्न! अन् मग दोघंही एकदम माझ्याकडे वळले. मी पोस्टकार्डाएवढ्या खिडकीतून हसून नमस्कार केला. दुसरं काय करणार?

पण भांडायले मागं कोणी उरलंच नव्हतं! सगळी वरात पंख्यापुढं मांडी घालून बसली. आत चला म्हटलं तर कोणी ऐकून नाही राहिलं. ते पाहून आतली मंडळीही खुर्च्या उचलून बाहेर आली. मागून शालूचा घोळ सावरत खुद्द नवरी आली, रितिका.

"पप्पा, आत माझा मेकअप उतरून राहिला. लगन इथंच लावा!"

"अवं, असं बाहेर रस्त्यावर?"

"नाहीतर मी लगनच नाही करत!"

झालं! कार्यालयाच्या दारात, माझ्या कूलरपुढं लगन उभं राहिलं. पहिल्याच मंगलाष्टकेले अंतरपाट हातातून सुटला अन् जाऊन बँडवाल्याच्या तोंडावर बसला. अक्षता टाकाव्या तर वाऱ्यानं भलतीकडेच! नवरा-नवरी कोरडे, अन् समोर उभ्या ताराचंदमामाच्या डोक्यावर अक्षतांचा पाऊस. या वयात त्यांचं पुन्हा एकदा लगन लागलं! पण हसता हसता सगळा राग निघून गेला. मधुसूदनरावांनी मामाले मिठी मारली, अन् जेवणाची पानंही तिथंच मांडली.

इंदुताई मात्र दारात उभ्या राहून सगळं पाहून राहिल्या होत्या. जेवणं आटोपली तशा त्या गाडीजवळ आल्या. पंख्यापुढं उभ्या राहिल्या, डोळे मिटले, चेहऱ्यावर समाधान पसरलं. एसीचं दुकान की माझं शेड, आता याच बाईच्या हातात होतं!

"अंकुशभाऊ, असा कूलर मी जन्मात पाहिला नाही."

"मग ऑर्डर पक्की ना ताई?"

"वेड लागलं का तुम्हाले? तिकडं पहा!"

मी पाहिलं. सगळं लगन गाढ झोपलं होतं! खुर्च्यांवर मावश्या, सतरंजीवर आजोबा, गुरुजी ढोलाले टेकून, अन् घोडी उभ्या उभ्या.

"जेवून केव्हाचे झाले, एक माणूस हलून नाही राहिला! संध्याकाळी दुसरं लगन आहे माझ्याकडे. अहो, लोकांनी यावं, अक्षता टाकाव्या, जेवावं, घामेजावं अन् आपापल्या घरी जावं. तेव्हा कुठं कार्यालय चालते. मले कूलर पाहिजेत, थंडगार चिखलदरा नाही!"

"म्हणजे ताई..."

"दिसायले झकास, आवाज भरपूर, अन् हवा जेमतेम. असा जमते का पहा. जमला तर ऑर्डर तुमचीच."

मी घरी आलो तो जिद्दीनंच. म्हटलं, चांगला बनवला तसा वाईटही बनवून दाखवीन! शेडमधे ठाण मांडलं. ताट्या पातळ केल्या, पंप अर्धा बंद केला, पाती वाकवली. पण छे! हवा गारच. रोशननं तर डोक्याले हात लावला. मी हरून ओट्यावर येऊन बसलो अन् दामिनीले सगळं सांगितलं. म्हटलं, इतका खराब कूलर बनवणं माझ्या हातून व्हायचं नाही वं.

ती भाजी निवडून राहिली होती. मान वर न करता म्हणाली, "त्यात एवढं डोकं काय लावता? लगनाच्या वर्षी आपल्या बेडरूमसाठी तुम्ही स्वतःच्या हातानं बनवला ना? तोच नेऊन दाखवा."

नेला. इंदुताई त्याच्यापुढं जरा वेळ उभ्या राहिल्या, पदरानं घाम पुसला, अन् तिथल्या तिथं सगळ्या हॉलची ऑर्डर दिली!