यालूची लढाई आणि वड्याचं पीठ

श्यामसुंदर मयेकर वर्षभर स्वयंपाकघरात ओट्याशी उभे राहून जेवत होते, कारण जेवणाच्या टेबलावर लढाई मांडलेली होती.

लढाई जुनी होती. १८९४ साली यालू नदीच्या मुखाशी चिनी आणि जपानी आरमारं समोरासमोर आली. चिन्यांची पाच जहाजं गेली, जपान्यांचं एकही बुडालं नाही. श्यामसुंदर नोकरीत असताना जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात नकाशे काढत. निवृत्त झाल्यावर त्यांनी आइस्क्रीमच्या काड्या कापून दोन्ही आरमारं बनवली आणि निळ्या रंगाच्या प्लायवर समुद्र आखला. जहाजं बायकोने, जयंतीने रंगवली. जपान श्यामसुंदरांनी घेतला. उरलेला चीन कुणीतरी घ्यायलाच हवा होता, म्हणून तो जयंतीने घेतला. ती अकरा वेळा हरली. तशी वहीत नोंद आहे.

खेळाचा नियम असा होता की, प्रत्येकाने आपला पुढचा हुकूम चिठ्ठीवर लिहून डबीत ठेवायचा आणि दोन्ही डब्या एकदम उघडायच्या. चिठ्ठीतला हुकूम मोडायचा नाही. घरात जयंतीने तोंडी सांगितलेलं काहीही श्यामसुंदर विसरत, पण चिठ्ठीतल्या हुकमाच्या बाबतीत ते फार कडक होते.

बाराव्या डावात जयंतीने चिठ्ठी लिहिली, ती हिंगाच्या रिकाम्या डबीत घातली आणि म्हणाली, "आज दमले हो. उद्या उघडू." दुसऱ्या दिवशी तिला हॉस्पिटलात न्यावं लागलं. अकरा दिवसांनी श्यामसुंदर एकटेच घरी आले.

डबी त्यांनी उघडली नाही. उघडली की जयंतीची चाल होऊन जाणार होती, आणि त्यानंतरची चाल यायची नव्हती. स्वतःची चिठ्ठीही त्यांनी तशीच ठेवली. रोज सकाळी ते मऊ ब्रशने जहाजांवरची धूळ झटकत. एकही जहाज हलू देत नसत.

वर्षश्राद्धाला त्यांची थोरली बहीण वनमाला घाटकोपरहून सकाळी सातला आली आणि तिने टेबलाकडे पाहिलं. वनमालाताई पन्नास वर्षं मुंबईत होत्या. मालवणी त्या फक्त रागावल्यावर बोलत.

"पानां खंय वाढू?" त्यांनी विचारलं. "ह्या बोटींवर?"

श्यामसुंदर म्हणाले, टेबल घ्या, पण प्लाय आहे तसा उचलून आत ठेवू. मग मोजमाप झालं. बेडरूमचं दार अडीच फुटी होतं आणि समुद्र तीन फुटी. उभा केला तर दोन्ही आरमारं जमिनीवर आली असती. बाहेरचं दार मोठं होतं, आणि एक मजला वर गच्ची होती. शेजारचे कुंडलिक म्हणाले, "जिन्यावरून आडवा नेऊ ना. वळणावर हिसका बसेल, तेवढंच." हिसक्यावर उपाय काय, तर जहाजं चिकटवायची. गोंदाने रंग जाईल. मुलगी स्वरदा पवईहून आली होती, तिची नजर परातीकडे गेली. आत्याने वड्यांचं पीठ मळून ठेवलं होतं.

वनमालाताईंनी पीठ दिलं, पण मोजून. बावीस जहाजांना बावीस गोळ्या, सुपारीएवढ्या. हिंगाची डबी श्यामसुंदरांनी सदऱ्याच्या खिशात घातली. मग पुढे कुंडलिक आणि स्वरदा, मागे श्यामसुंदर आणि वॉचमन, असा समुद्र जिना चढला. समोरून येणाऱ्या सेक्रेटरींनी काय आहे ते न विचारताच हात जोडले. एकही जहाज जागचं हललं नाही. पाण्याच्या टाकीच्या सावलीत, दोन स्टुलांवर समुद्र ठेवला. "झकास," कुंडलिक म्हणाले. श्यामसुंदरांनाही समाधान वाटलं.

दुपारी पिंडदान झालं. गच्चीच्या कठड्यावर केळीच्या पानात वडा, खीर, काळ्या वाटाण्याचं सांबारं असा घास ठेवला आणि सगळे कावळ्याची वाट पाहत उभे राहिले. तो शिवल्याशिवाय कुणी जेवायचं नव्हतं.

कावळा होता. टाकीवर बसला होता. पानाकडे बघत नव्हता.

दहा मिनिटं गेली. गुरुजींना पुढे भांडुपला जायचं होतं. ते म्हणाले, काही इच्छा राहिली असेल तर बोला. स्वरदाने आईला सांगितलं की ती गाडी शिकेल. कुंडलिकांनी सिगारेट सोडली. शेवटी वनमालाताई कठड्याकडे बघत म्हणाल्या, "पितळेचं घंगाळ परत देईन." घंगाळ त्यांच्याकडे आहे हे तोवर कुणालाच माहीत नव्हतं.

कावळा उडाला आणि थेट समुद्रात उतरला.

त्याने पहिल्यांदा एक चिनी जहाज चोचीने उलथलं आणि खालची गोळी खाल्ली. त्याने हाक दिली तशी आणखी पाच-सहाजण आले. श्यामसुंदर उपरणं फिरवत धावले. पण वनमालाताईंनी त्यांचा हात धरला.

"कावळ्यांक हाकलतंस? वर्षाचो दिवस, आणि कावळ्यांक हाकलतंस?"

"ताई, माझी लढाई जातेय."

"आणि ती उपाशी जाईल, त्याचं काय?"

श्यामसुंदर उपरणं हातात धरून उभे राहिले. एका बाजूला जयंतीने पाहिलेली जहाजं होती, तिने सोडली होती तिथेच. दुसऱ्या बाजूला, खरं असो वा नसो, आलेले कावळे होते. त्यांनी उपरणं खांद्यावर टाकलं.

पाच मिनिटांत यालूच्या समुद्रात एकही जहाज सरळ उरलं नाही. पहिला कावळा उडताना एक जहाज चोचीत घेऊन गेला. कोणतं ते श्यामसुंदरांनी लांबूनच ओळखलं. मात्सुशिमा. जपानी आरमाराचं मुख्य जहाज, त्यांचं स्वतःचं. अकरा डावांत तिच्यावर ओरखडा आला नव्हता.

ते कठड्याशी गेले आणि हळू म्हणाले, "जयंती, मात्सुशिमा गेली. वहीत लिहितो. तू जिंकलीस."

स्वरदाने डोळे पुसले. आता कावळा येणार, असं सगळ्यांनाच वाटलं.

कावळे टाकीवर चोची घासत बसले. पानाला कुणी शिवलं नाही.

आता जपायचं काही उरलं नव्हतं. श्यामसुंदरांनी खिशातून हिंगाची डबी काढली. झाकण घट्ट बसलं होतं, ते कुंडलिकांनी किल्लीने उचकटलं. चिठ्ठीला वर्षानंतरही हिंगाचा वास होता. श्यामसुंदरांनी ती वाचली, मग चष्मा पुसून पुन्हा वाचली.

"हुकूम. सगळी जहाजं डब्यात भरा. रविवारी वन्सं जेवायला येतायत. टेबल ओल्या फडक्याने पुसा, मग कोरड्या. तोंडी तीनदा सांगून झालं."

श्यामसुंदर चिठ्ठी खिशात ठेवून कठड्याकडे वळले. हसले की काय ते कुणाला नीट कळलं नाही, कारण त्यांची पाठ होती. मग ते पानाजवळ वाकून काहीतरी पुटपुटले.

टाकीवरचा एक कावळा खाली आला, त्याने वडा उचलला आणि गेला.

गुरुजींनी सुटकेचा श्वास सोडला. खाली येऊन श्यामसुंदरांनी स्वतः टेबल पुसलं, ओल्या फडक्याने, मग कोरड्या. पाच पानं मांडली. वर्षभराने ते खुर्चीवर बसून जेवले. वडे मात्र प्रत्येकी दोनच आले.

वनमालाताईंना राहवेना. "काय सांगितलंस रे तिला?"

"टेबल पुसतो म्हणालो."

ताईंनी खिरीची वाटी खाली ठेवली.

"इतकाच?" त्या म्हणाल्या. "मगे वर्षभर काय करी होतंस?"