हॅटट्रिकची टोपी

आमच्याकडे एक नियम आहे. मुलगी बघायला आलेल्या मुलाच्या डोक्यावर मुलीच्या मामानं टोपी ठेवली आणि खांद्यावर टॉवेल टाकला, की लग्न ठरलं. का आणि कसं, हे मुलीनं विचारायचं नाही. ती बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असली तरी नाही. (असली तर मुळीच नाही, असं आत्याचं मत.)

त्या रविवारी वसमतहून रामजी मास्तर आणि त्यांचे वडील भिवाजी कळमनुरीला आमच्या घरी मला बघायला आले. माझी परीक्षा एप्रिलात. मी मनाशी ठरवलं, पोहे द्यायचे आणि एक शब्द बोलायचा नाही. मुलगी मुकी वाटली की पाहुणे आपोआप परत जातील.

पोहे संपवून भिवाजी म्हणाले, "परवा वसमतला मॅच झाली. आमचा रामजी हॅटट्रिकमंदी व्हता."

"ते काय असतं?" कोंडीबामामांनी विचारलं.

रामजी मास्तरांनी बशी खाली ठेवली आणि घसा खाकरला. मला माहीत होतं, आणि माहीत असलेली गोष्ट माझ्या पोटात राहत नाही.

"एकाच बोलरनं लागोपाठच्या तीन चेंडूंवर तिघांना आऊट केलं की हॅटट्रिक," मी म्हणाले. "दीडेकशे वर्षांपूर्वी इंग्लंडात एकानं असं केलं. बघणारे खूश झाले, सगळ्यांनी मिळून त्याला हॅट दिली. तेव्हापासूनचा शब्द. अशा माणसाला टोपी दिलीच पाहिजे." (शेवटचं वाक्य कोणी मागितलं नव्हतं.)

मामांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. मग आत्याला म्हणाले, "सोजराबाई, पेटीतली नवी टोपी काढा. टावेल बी."

"मामा, ती इंग्लंडातली गोष्ट आहे."

"कळलं आमाला. तोंडानं म्हणता येईना तं आडून सांगून राहिली."

"लेकरू लाजाळू हाय," आत्या पेटी उघडत म्हणाली.

टोपी डोक्यावर बसली. टॉवेल खांद्यावर पडला. बाबांनी साखर वाटली. मी रिकाम्या बश्या ट्रेमध्ये गोळा करायला लागले.

"सून हुशार हाय," भिवाजी म्हणाले. "एप्रिलात उरकून घेऊ."

"नाही," मी म्हणाले. "एप्रिलात माझे पेपर आहेत. टोपीचं मी खेळापुरतं म्हणाले. मला न विचारता ठरलेलं लग्न मी करणार नाही. एप्रिलात नाही आणि मेमध्येही नाही."

मामांची साखरेची चिमूट तोंडाजवळ थांबली. आत्यानं पेटीचं झाकण तसंच धरून ठेवलं. भिवाजी मुलाकडे बघायला लागले.

रामजी मास्तरांनी टोपी काढली, नीट घडी घातली आणि माझ्या ट्रेमध्ये ठेवली.

"ही तशीही माझी नाही," ते हळूच म्हणाले. "हॅटट्रिक दुसऱ्याची. आऊट झालेल्यांतला तिसरा मी. मघाशीच सांगणार होतो. पण तुमचं शिकवणं चालू होतं, मधे कसं बोलायचं?"